काउंटरवर आईसचा कागद आला तर

अमेरिकेत शाळेच्या फ्रंट ऑफिसात, टाउनशिपच्या लायब्ररीत, काउंटीच्या रुग्णालयात नोकरी करणारी मराठी माणसं आता बरीच आहेत. काही स्कूल बोर्डावर आणि लायब्ररीच्या ट्रस्टींमध्येही बसतात. इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट, म्हणजे आईसचा माणूस दारात उभा राहून कुणाची चौकशी करू लागला, तर अशा सार्वजनिक संस्थेने काय करायचं, एवढ्यापुरता हा मजकूर आहे. (आपण 'आईस' हा शब्द शिकलो तो 'तीर्थरूप आईस' असा पत्राच्या मायन्यात. इथे तो फारच वेगळ्या कागदांवर येतो.) संस्थेच्या वकिलाची जागा हा मजकूर घेत नाही. वकील फोनवर येईपर्यंतची पंधरा-वीस मिनिटं कशी निभवायची, ते इथे आहे.

मुळाशी एक गोष्ट आहे. संघराज्याचं सरकार आपलं काम करायला राज्याची किंवा गावची यंत्रणा जुंपू शकत नाही. घटनेच्या दहाव्या दुरुस्तीचा हा अर्थ सुप्रीम कोर्टाने १९९७ च्या प्रिन्ट्झ खटल्यात लावला आणि २०१८ च्या मर्फी खटल्यात पुन्हा पक्का केला. त्यामुळे आईसकडून स्थानिक संस्थेकडे जे येतं, त्यातलं बरंचसं विनंती या सदरात मोडतं. अडचण अशी, की अंगात 'पोलीस' लिहिलेलं जाकीट, कमरेला पिस्तूल आणि हातात 'वॉरंट' मथळ्याचा कागद असला, की विनंतीसुद्धा हुकमासारखीच ऐकू येते. संस्थांकडून चुका होतात त्या इथेच, आणि बहुतेकदा भलेपणाने. समोरच्याने सभ्यपणे विचारलं, आपण सभ्यपणे आतलं दार उघडून धरलं. कायद्याच्या हिशेबात ती संमती झाली, आणि संमती मिळाली की वॉरंट होतं की नव्हतं हे विचारायला कुणी उरत नाही.

आधी सही कुणाची ते बघा

काउंटरवर येणारे कागद चार-पाच प्रकारचेच असतात. ते ओळखायला दहा मिनिटांची उजळणी पुरते, पण ती आधी झालेली हवी.

सगळ्यात जास्त दिसणारा कागद म्हणजे फॉर्म आय-२००. वर होमलँड सिक्युरिटी खात्याचं नाव, खाली 'वॉरंट फॉर अरेस्ट ऑफ एलियन' असा मथळा. तो हातात आला की 'टू' पुढची ओळ वाचा. तिथे लिहिलेलं असतं: एनी इमिग्रेशन ऑफिसर. म्हणजे हा कागद इमिग्रेशन अधिकाऱ्यांना उद्देशून आहे, तुमच्या शाळेला किंवा लायब्ररीला नाही. खालची सहीसुद्धा इमिग्रेशन अधिकाऱ्याचीच असते. त्याचा भाऊ फॉर्म आय-२०५, 'वॉरंट ऑफ रिमूव्हल'. देश सोडून जाण्याचा अंतिम आदेश निघालेल्या माणसासाठी तो असतो, आणि त्यावरही सही खात्यातल्याच अधिकाऱ्याची. या दोन्हींना प्रशासकीय वॉरंट म्हणतात. त्या माणसाला सार्वजनिक जागी पकडायचा अधिकार अधिकाऱ्याला त्यातून मिळतो. तुमच्या आतल्या खोल्या उघडायला लावण्याचा, किंवा तुमच्याकडून कागदपत्रं मागण्याचा अधिकार त्यात नाही.

कोर्टाचं वॉरंट निराळं दिसतं. माथ्यावर 'युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट' आणि खाली कोणत्या डिस्ट्रिक्टचं ते, केस नंबर, आणि शेवटी जजची किंवा मॅजिस्ट्रेट जजची सही. झडतीचं वॉरंट असेल तर आणखी तीन गोष्टी तपासा. एक, पत्ता तुमच्याच इमारतीचा आहे का, आणि इमारतीतला कोणता भाग लिहिला आहे. दोन, कधीपर्यंत बजावायचं ती तारीख. फेडरल नियम ४१ प्रमाणे ही मुदत जास्तीत जास्त १४ दिवसांची असते. तीन, वेळ. जजने वेगळी परवानगी दिलेली नसेल, तर सकाळी ६ ते रात्री १० याच वेळात झडती घेता येते. यातलं काही चुकलेलं दिसलं तर वकिलाला लगेच सांगा, पण वाद घालत दार अडवून उभे राहू नका. कोर्टाच्या वॉरंटपुढे संस्थेने बाजूला व्हायचं असतं.

इथे एक फसगत ठरलेली. 'इमिग्रेशन जज' हे नाव ऐकून लोकांना तो कोर्टाचा जज वाटतो. तो न्याय खात्याचा नोकर असतो आणि त्याचं कोर्ट त्या खात्याच्याच एका विभागाखाली चालतं. त्याच्या सहीचा कागद इथे कोर्टाच्या वॉरंटमध्ये धरत नाहीत.

अटकेचं वॉरंट कोर्टाचं असलं, तरी ते एका माणसाला पकडण्यासाठी असतं. त्याच्या जोरावर तिसऱ्याच्या खासगी जागेत शिरता येतं का, हा प्रश्न वेगळा, आणि तो वकिलाकडे सोपवायचा. फ्रंट डेस्कने एवढंच म्हणावं, की कागद मिळाला, ठरलेल्या व्यक्तीला बोलावलं आहे.

मग सबपीना, म्हणजे कागदपत्रं मागणारं समन्स. आईसचा प्रशासकीय सबपीना फॉर्म आय-१३८ वर येतो. त्यात कागदपत्रं मागितलेली असतात आणि तारीख दिलेली असते. त्याची गंमत अशी, की तो आपोआप लागू होत नाही. संस्थेने दिलं नाही, तर आईसला फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात जाऊन जजकडून आदेश आणावा लागतो. म्हणून तिथल्या तिथे फाइल काढून द्यायची नाही. पण तो कागद ड्रॉवरमध्ये टाकून विसरायचाही नाही. त्याच दिवशी वकिलाकडे पाठवायचा, आणि मागितलेल्या नोंदींपैकी एकही खोडायची किंवा नष्ट करायची नाही. अगदी नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे रद्दी काढायची पाळी असली, तरी थांबायचं. सबपीना आल्यानंतर फाइल गायब झाली, तर साधी दिरंगाई गुन्ह्यात बदलते.

डेस्कवरची पहिली पंधरा मिनिटं

प्रत्येक इमारतीत एक नेमलेली व्यक्ती हवी आणि तिच्या गैरहजेरीत दुसरी. शाळेत मुख्याध्यापक आणि सुपरिंटेंडंटचं ऑफिस, लायब्ररीत डायरेक्टर, रुग्णालयात अ‍ॅडमिनिस्ट्रेटर ऑन कॉल. त्यांचे मोबाइल नंबर डेस्कखाली चिकटवलेले हवेत. पॉलिसीच्या पंचवीस पानी पीडीएफमध्ये ते असून काही उपयोग नाही. सकाळी पावणेआठला डेस्कवर सबस्टिट्यूट किंवा कॉलेजचं पोरगं बसलेलं असतं, हे लक्षात ठेवून तयारी करा.

अधिकारी आला की नाव, बॅज नंबर आणि कोणत्या खात्याचा ते विचारा, आणि हाताने लिहून घ्या. ओळखपत्राची झेरॉक्स किंवा फोटो काढू नका. फेडरल ओळखपत्राची नक्कल करण्याविरुद्ध वेगळा कायदा आहे आणि उगाच आपण त्यात सापडायचं कारण नाही. व्हिजिटिंग कार्ड दिलं तर ठेवून घ्या. त्या माणसाबद्दल शंका असेल तर त्याच्या ऑफिसला फोन करा, पण नंबर स्वतः शोधून. त्याने दिलेल्या नंबरवर त्याचाच साथीदार बसलेला असू शकतो. तोतयेही फिरतात.

वॉरंट किंवा सबपीना दाखवला तर त्याची मात्र प्रत मागा. प्रत दिली नाही तर मथळा, फॉर्म नंबर, सहीचं नाव आणि तारीख उतरवून घ्या.

मग एक वाक्य, पाठ करून ठेवलेलं: "आय अ‍ॅम नॉट ऑथोराइज्ड टु गिव्ह कन्सेंट. आय अ‍ॅम कॉलिंग द पर्सन हू इज." यापलीकडे काही बोलायची गरज नाही. अमुक मुलगा आज आला आहे का, अमक्या बाईंची ड्यूटी कधी संपते, ती गाडी कुणाची, यातल्या कशालाच 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही. माहिती न देणं कायदेशीर आहे. खोटं बोलणं हा फेडरल गुन्हा आहे. 'तो आज आलाच नाही' हे वाक्य सद्हेतूने सुचतं आणि नेमकं तेच महागात पडतं.

तितकंच महाग पडतं मागचं दार. ज्याला शोधायला आले आहेत त्याला लपवायचं नाही, दुसऱ्या दाराने काढून द्यायचं नाही, अधिकाऱ्याच्या वाटेत अंगाने उभं राहायचं नाही. एप्रिल २०२५ मध्ये मिलवॉकीच्या कोर्टात एका काउंटी जजनाच याच कारणावरून अटक झाली, आणि डिसेंबरमध्ये ज्यूरीने त्यांना कामात अडथळा आणल्याबद्दल दोषी ठरवलं. न्यायासनावरच्या माणसाची ही गत, तर फ्रंट डेस्कने धाडस करायचा प्रश्नच येत नाही.

संमती नसताना अधिकारी आत घुसलेच तर? अडवू नका. "वुई डू नॉट कन्सेंट" असं एकदा स्पष्ट म्हणा, दोन सहकाऱ्यांना ऐकू जाईल असं, आणि कोण कुठे गेलं ते लिहीत राहा. झाल्या गोष्टीची दाद पुढे कोर्टात मागता येते, पण त्या क्षणी नोंद राहिली नाही तर कोर्टात बोलायला काही हाताशी नसतं. पाठलाग करत कुणी शिरलं किंवा जिवावरचा प्रसंग असला, तर वॉरंटचा नियम शिथिल होतो, हेही ठाऊक असू द्या.

फोनवरची चौकशी तर सोपी आहे. "लेखी पाठवा" म्हणायचं आणि पत्ता द्यायचा.

कोणतं दार कुणासाठी

जिथे कुणीही येऊ शकतं, तिथे आईसलाही वॉरंट लागत नाही: लायब्ररीचं वाचनदालन, रुग्णालयाची लॉबी, टाउन हॉलची रांग, पार्किंग लॉट. जिथे पाहुण्याला सही करून किंवा बरोबर माणूस घेऊन जावं लागतं, तिथे संमती किंवा कोर्टाचं वॉरंट हवं. ही रेघ कागदावर नव्हे तर इमारतीत दिसली पाहिजे. 'केवळ कर्मचाऱ्यांसाठी' अशी पाटी आहे, पण दाराला दिवसभर विटेची टेकण लावून ठेवली आहे, असं असेल तर ती जागा खासगी होती हे पटवणं वकिलाला जड जातं. वर्षातून एकदा इमारतीच्या नकाशावर दोन रंगांनी हे भाग रंगवा आणि पाट्या तपासा.

शाळा, दवाखाने, देवळं अशा ठिकाणी सहसा कारवाई करायची नाही, असं आईसचं स्वतःचं धोरण २०११ पासून होतं. २०२१ मध्ये ते आणखी रुंद झालं आणि जानेवारी २०२५ मध्ये रद्द झालं. जुन्या प्रशिक्षणाच्या स्लाइड्समध्ये ते अजून असेल तर काढून टाका. मात्र तो खात्याचा अंतर्गत संयम होता. वॉरंटबद्दलची घटनेची चौथी दुरुस्ती आहे तिथेच आहे.

जाता जाता मराठी शाळांबद्दल. बऱ्याच मंडळांच्या रविवारच्या शाळा पब्लिक स्कूलच्या भाड्याच्या इमारतीत भरतात. त्या दिवशी डिस्ट्रिक्टचा मुख्याध्यापक तिथे नसतो, फार तर कस्टोडियन असतो. भाडेकरारात त्या दिवसाचा संपर्क कोण ते लिहून घ्या, आणि दारावर उभ्या राहणाऱ्या पालक-स्वयंसेवकाला वरचं एक वाक्य शिकवा.

शाळा

१९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो निकालाने, इमिग्रेशनची कागदपत्रं नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळेतून वगळता येत नाही. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी इमिग्रेशन स्टेटस विचारायचं कारणच नाही. पत्त्याचा पुरावा मागा, वयाचा मागा, लसीकरणाचा मागा. सोशल सिक्युरिटी नंबर, व्हिसा, पासपोर्टवरचा शिक्का हे रकाने जुन्या फॉर्मवर उरले असतील तर काढा. जी माहिती संस्थेकडे नाहीच, ती कुणी मागून नेऊ शकत नाही. सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त उपाय.

विद्यार्थ्यांच्या नोंदी १९७४ च्या फर्पा कायद्याखाली येतात. पालकांची लेखी संमती, कोर्टाचा आदेश किंवा वैध सबपीना, यांपैकी काही असल्याशिवाय त्या बाहेर जात नाहीत. आणि सबपीना आला तरी, देण्याआधी पालकांना कळवण्याचा रास्त प्रयत्न शाळेने करायचा असतो, म्हणजे त्यांना कोर्टात आक्षेप घ्यायला वेळ मिळतो. हे कळवणं राहून जातं, कारण सबपीना हातात पडला की ऑफिसला घाई सुटते.

फर्पाला एक भोक आहे: 'डिरेक्टरी इन्फर्मेशन'. नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, फोटो यांतलं डिस्ट्रिक्टने जे जे या यादीत घातलं असेल, ते संमतीविना देता येतं, पालकांनी लेखी नकार दिलेला नसेल तर. म्हणून दोन कामं करा. बोर्डाने ही यादी आखूड करावी. पत्ता आणि जन्मस्थळ त्यात कशाला हवं? आणि नकाराचा फॉर्म सप्टेंबरच्या जाडजूड पाकिटात तळाला न ठेवता वेगळा द्यावा, घरच्या भाषेत.

एप्रिल २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन प्राथमिक शाळांत होमलँड सिक्युरिटीचे अधिकारी काही मुलांची खुशाली बघायला आलो आहोत असं सांगत पोचले. कोर्टाचा कागद नव्हता. मुख्याध्यापकांनी आत सोडलं नाही आणि ते परत गेले. 'वेलफेअर चेक' हे शब्द ऐकून दार उघडलं जातं, म्हणून हे उदाहरण प्रशिक्षणात जरूर सांगा. कॅलिफोर्नियात २०१७ च्या कायद्याने अशा प्रत्येक मागणीची माहिती सुपरिंटेंडंटने बोर्डाला द्यायची असते. दुसऱ्या राज्यात तसं बंधन नसलं, तरी पद्धत घेण्यासारखी आहे.

दुपारी मुलाला न्यायला कुणी आलंच नाही, ही वेळ मात्र वॉरंटपेक्षा जास्त शाळांवर येते. इमर्जन्सी कार्डावर आई-वडिलांशिवाय निदान दोन मोठी माणसं हवीत, चालू फोन नंबरांसह, आणि वर्षात दोनदा ते नंबर लावून बघायचे. कार्डावरची सगळी नावं संपेपर्यंत मूल ऑफिसातच राहील, हे लिखित असू द्या. नाहीतर पाच वाजता कंटाळलेला कर्मचारी पोलिसांना किंवा बालकल्याण खात्याला फोन करून मोकळा होतो.

कॉलेजात एक मोठा अपवाद आहे आणि तो आपल्या मुलांना थेट लागतो. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याची नोंदणी, पत्ता, कोर्सलोड, शिक्षण सोडलं का, ही माहिती कॉलेजचा डेझिग्नेटेड स्कूल ऑफिशियल परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या फेडरल सेविस प्रणालीत भरतोच. तो कायदाच आहे, आणि त्या माहितीपुरती फर्पाची ढाल चालत नाही. पण तिथेही चौकशी येते ती त्या अधिकाऱ्याकडे. होस्टेलच्या रेक्टरने किंवा प्राध्यापकाने परस्पर उत्तर देण्याचा त्याच्याशी संबंध नाही. आणि होस्टेलची खोली ही विद्यार्थ्याचं घर आहे.

लायब्ररी आणि रुग्णालय

लायब्ररीचं थोडक्यात. ४८ राज्यांत वाचकांच्या नोंदी गोपनीय ठेवण्याचे कायदे आहेत. कुणी कोणतं पुस्तक नेलं, कोणता कॉम्प्युटर वापरला, हे कोर्टाच्या आदेशाशिवाय सांगायचं नाही. परत आलेल्या पुस्तकाची नोंद आणि कॉम्प्युटरच्या साइन-अपची यादी किती दिवस ठेवायची, ते आधीच ठरवा आणि त्याप्रमाणे खोडा. मागणी आल्यावर खोडायला घेतलं तर तो पुरावा नष्ट करणं ठरतं.

रुग्णालयात प्रकरण गुंतागुंतीचं आहे, कारण हिपाच्या, म्हणजे पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेच्या फेडरल कायद्याच्या, नियमांत पोलिसी कामासाठी माहिती देण्याच्या बऱ्याच वाटा आहेत. त्या वाचताना 'मे' आणि 'शॅल' यांत गल्लत करू नका. कोर्टाच्या आदेशाशिवायच्या बऱ्याच वाटा 'देता येईल' या स्वरूपाच्या आहेत, 'द्यावीच लागेल' असं तिथे म्हटलेलं नाही. प्रशासकीय मागणी असेल तर तीन अटी लागतात: माहिती चौकशीशी थेट संबंधित हवी, मागणी नेमकी आणि मर्यादित हवी, आणि नाव काढून टाकलेल्या माहितीने काम भागत नसावं. 'मागच्या महिन्यातले अमक्या देशाचे सगळे पेशंट' ही मागणी दुसऱ्याच अटीवर गळते.

जिथून खरी गळती होते ती जागा म्हणजे रिसेप्शन. हिपाप्रमाणे रुग्णालयाची एक डिरेक्टरी असते. पेशंटचं नाव घेऊन कुणी विचारलं, तर तो कोणत्या खोलीत आहे आणि साधारण प्रकृती कशी आहे हे सांगता येतं, पेशंटने हरकत घेतलेली नसेल तर. फुलं घेऊन आलेल्या मावशीसाठी केलेली ही सोय आहे, पण नाव घेऊन आईसनेही विचारलं तर तेच उत्तर जातं. उपाय एकच: अ‍ॅडमिशनच्या वेळी 'डिरेक्टरीतून नाव वगळायचं का' हा प्रश्न तोंडाने विचारा, पेशंटच्या भाषेत. टॅब्लेटवर सही मारून घेतलेल्या चौदा संमतीपत्रांत तो हरवून जातो.

फ्लॉरिडा आणि टेक्सासमध्ये रुग्णालयांना इमिग्रेशन स्टेटस विचारावं लागतं. पेशंटला उत्तर नाकारता येतं आणि त्यामुळे उपचार थांबत नाहीत, हे विचारतानाच सांगा. इमर्जन्सीत तपासणी आणि उपचार करणं १९८६ च्या एम्टाला कायद्याने बंधनकारक आहे, माणूस कुणीही असो. आईसच्याच ताब्यातला पेशंट पहारेकऱ्यांसह आला, तर पहारा त्यांचा, पण डिस्चार्ज कधी द्यायचा हा निर्णय डॉक्टरांचा.

काउंटी जेल: ४८ तासांचं गणित

स्थानिक पातळीवर आईसचं सगळ्यात जास्त काम जेलमधूनच होतं. लोकांना वाटतं शेरीफ फोन करून कळवतो. तशी गरजच नसते. बुकिंगच्या, म्हणजे अटकेनंतर जेलमध्ये नोंद होण्याच्या, वेळी घेतलेले बोटांचे ठसे एफबीआयकडे जातात आणि तिथून आपोआप होमलँड सिक्युरिटीच्या डेटाबेसशी ताडले जातात. काउंटीला यातून बाहेर पडता येत नाही. ठसे जुळले की डिटेनर येतो, फॉर्म आय-२४७ए.

त्यात मागणी असते, की हा माणूस सुटणार असेल तेव्हा आम्हाला आधी कळवा, आणि सुटण्याच्या वेळेपासून आणखी ४८ तासांपर्यंत ठेवून घ्या. या ४८ तासांवर जेलच्या क्लार्कांची हमखास चूक होते. जुन्या नियमात शनिवार, रविवार आणि सुट्ट्या वगळून ४८ तास असं आहे. आताच्या फॉर्मवर मात्र वगळण्याचा उल्लेख नाही. शुक्रवारी संध्याकाळी ५ ला जामीन भरला गेला, तर फॉर्मप्रमाणे मुदत रविवारी संध्याकाळी ५ ला संपते. जुनं गणित धरून बसलेला क्लार्क मंगळवार संध्याकाळपर्यंत माणूस ठेवतो आणि काउंटीला दाव्यात ओढतो. शिवाय फॉर्मची प्रत त्या माणसाला द्यायची असते. ती दिली नाही तर डिटेनर लागूच होत नाही, असं फॉर्मच म्हणतो.

डिटेनर बंधनकारक नाही हे ठरलं २०१४ च्या गालार्झा खटल्यात. न्यू जर्सीत जन्मलेला अमेरिकन नागरिक पेनसिल्व्हेनियाच्या लीहाय काउंटीत जामीन भरल्यावरही डिटेनरवर तीन दिवस अडकला. थर्ड सर्किटच्या फेडरल अपील कोर्टाने सांगितलं, ही विनंती आहे, आणि विनंती मान्य करून चूक केली तर जबाबदारी काउंटीचीही. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर या सर्किटमध्ये येतात. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन म्हटलं, की फक्त डिटेनरवर कुणाला ठेवणं ही नवी अटक आहे, आणि तसा अधिकार राज्याच्या कायद्याने अधिकाऱ्यांना दिलेलाच नाही.

पुढचं उत्तर राज्याप्रमाणे बदलतं. कॅलिफोर्नियाच्या एसबी ५४ कायद्याने, १ जानेवारी २०१८ पासून, डिटेनरवर माणूस ठेवणं बंद केलं. ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांच्या सुटकेची तारीख कळवायला मात्र मुभा आहे. न्यू जर्सीच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या २०१८-६ या निर्देशात गंभीर गुन्हे आणि अंतिम आदेश असे अपवाद आहेत, पण त्यातसुद्धा माणूस त्या दिवशी रात्री ११:५९ पर्यंतच ठेवता येतो. ४८ तास नाहीत. टेक्सासमध्ये २०१७ च्या एसबी ४ ने उलट डिटेनर मानणं सक्तीचं केलं, न मानणाऱ्या अधिकाऱ्यांना दंडही ठेवला. फ्लॉरिडानेही २०१९ मध्ये तीच वाट धरली. म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या मित्राने सांगितलेला नियम ह्यूस्टनच्या जेलमध्ये वापरू नका.

त्याशिवाय २८७(जी) करार. शेरीफने तो आईसशी केला असेल तर त्याचे प्रशिक्षित डेप्युटी आईसच्या देखरेखीखाली इमिग्रेशनचं काम स्वतःच करतात, कुठे फक्त जेलमध्ये तर कुठे रस्त्यावरही. करारांची यादी आईसच्या साइटवर असते. आपली काउंटी त्यात आहे का, हे आधी बघा. बाकी सगळी चर्चा नंतर.

गस्तीवरच्या पोलिसाला माणसाचं नाव टाकल्यावर फेडरल डेटाबेसमध्ये इमिग्रेशनचं प्रशासकीय वॉरंट दिसू शकतं. सुप्रीम कोर्टाच्या २०१२ च्या अ‍ॅरिझोना खटल्यानुसार देशात बेकायदा राहणं हा सर्वसाधारणपणे फौजदारी गुन्हा नाही, त्यामुळे करार नसलेल्या स्थानिक पोलिसाने फक्त त्या नोंदीवरून अटक करणं धोक्याचं.

स्थानिक पोलिसांनी परदेशी नागरिकाला अटक केली, तर १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या कलम ३६ प्रमाणे त्याला विचारायचं असतं: तुमच्या वकिलातीला कळवू का? भारतीय नागरिकाच्या बाबतीत ते त्याच्या इच्छेवर आहे. त्याने हो म्हटलं तर विनाविलंब कळवायचं. बुकिंग फॉर्मवर हा रकाना असतो आणि बऱ्याचदा कोराच राहतो.

कलम १३७३ चा बागुलबुवा

'फेडरल कायद्याने द्यावंच लागतं' असं कुणी म्हणालं, की बहुतेकदा १९९६ च्या कलम १३७३ कडे बोट असतं. त्यात एवढंच आहे, की नागरिकत्वाच्या किंवा इमिग्रेशन स्टेटसच्या माहितीची देवाणघेवाण करायला संस्थेने आपल्या माणसांना मनाई करू नये. माहिती गोळा करा असं त्यात कुठेही नाही. पत्ता, शाळेचं वेळापत्रक, ड्यूटीचे तास यांचा उल्लेख नाही. धोरण लिहिताना 'स्टेटस सांगू नका' असं वाक्य घालू नका, ते कलमात अडकतं. 'स्टेटस विचारू नका' असं लिहा.

जिथे सहकार्य करायचंच असतं

दोन भेटी आईसच्या धाडीत गणल्या जातात आणि गोंधळ होतो. पहिली, आय-९ ची, म्हणजे कर्मचाऱ्याला अमेरिकेत काम करायची परवानगी आहे हे नोंदवणाऱ्या फॉर्मची, तपासणी. सार्वजनिक संस्था मालक म्हणूनही असते, त्यामुळे तिला 'नोटिस ऑफ इन्स्पेक्शन' येऊ शकते. कागद सादर करायला निदान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. "आत्ताच दाखवता का?" असं गोड बोलून विचारलं, तरी ते तीन दिवस सोडू नका. आय-९ चे फॉर्म कर्मचाऱ्याच्या पर्सोनेल फाइलमध्ये न ठेवता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे एका फॉर्मसाठी अख्खी फाइल उघडावी लागत नाही. नोकरी सोडलेल्यांचे फॉर्म रुजू झाल्यापासून तीन वर्षं किंवा सोडल्यापासून एक वर्ष, यात जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायचे असतात.

दुसरी भेट आपल्याकडच्या लोकांना जवळची. विद्यापीठं आणि काही स्कूल डिस्ट्रिक्ट एच-१बी वर शिक्षक आणि संशोधक घेतात. त्यांच्या पिटिशनची पडताळणी करायला यूएससीआयएस या इमिग्रेशनचे अर्ज हाताळणाऱ्या खात्याच्या, फसवणूक शोधणाऱ्या एफडीएनएस शाखेचे अधिकारी न कळवता येतात: हे गृहस्थ खरंच इथे काम करतात का, पद काय, पगार किती, बसतात कुठे. १७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे अशा भेटीत सहकार्य नाकारलं, तर पिटिशन नामंजूर किंवा रद्द होऊ शकते. म्हणजे डेस्कवर एकाच रांगेत दोन बॅज, आणि दोघांना द्यायची उत्तरं वेगळी. 'आम्ही काही सांगत नाही' हे सरसकट वाक्य इथे एखाद्या पोस्टडॉकची नोकरी घालवू शकतं. म्हणून डेस्कने खातं कोणतं ते आधी विचारावं, आणि एफडीएनएस म्हटल्यावर थेट एचआर किंवा इंटरनॅशनल ऑफिसला बोलवावं.

नोंदवही

भेट संपली की तासाभराच्या आत, आठवणी ताज्या असताना, लिहा: वेळ, किती माणसं, नावं आणि बॅज, खातं, काय मागितलं, कोणता कागद दाखवला, आपण काय म्हटलं, कोणत्या भागात गेले, कधी गेले, साक्षीदार कोण. मत लिहू नका, घडलं ते लिहा. कागदांच्या प्रती सोबत जोडा आणि वही एकाच ठिकाणी, वकिलाच्या सल्ल्याने ठेवा. आणि ज्या मुलाची किंवा पेशंटची चौकशी झाली, त्याचं इमिग्रेशन स्टेटस तिथे लिहू नका. ही वही सार्वजनिक संस्थेची आहे. उद्या कुणी पब्लिक रेकॉर्ड्स कायद्याखाली अर्ज केला, तर तिची पानं बाहेर जाऊ शकतात.